देवीच्या झाडाला नुसतं पाणी

१

पिकलेलं जांभूळ पायाखाली आलं की चपलेचा रंग बदलतो. त्या दिवशी माझी चप्पल कोरडीच राहिली. शहाडला उल्हास नदीकाठच्या त्र्यंबक भोईरांच्या वाडीत झाडांखाली जो सडा पडला होता तो सगळा हिरवा होता. बोटाने दाबून पाहिलं तर फळं कडक. पिकायला अजून अवकाश असलेली जांभळं झाडाने टाकून दिली होती. फळ चोरीला गेलं तर निदान कुणाच्या तरी तोंडात जातं, हे कुणाच्याच नाही.

मी तुळसा साळवे. वर्तकनगरला राहते. सरकारी रोपवाटिकेत नोकरी झाली, आता घरी बसून गुडघ्यांच्या आणि सुनेच्या तक्रारी ऐकते. दर जूनमध्ये ठाण्यात आमच्या बागप्रेमी मंडळाचं फळांचं प्रदर्शन असतं, त्यात जांभळांची परीक्षक मी. भोईरांच्या सुनेने, योगिनीने, नाव दिलं होतं आणि काल फोन करून सांगितलं, मॅडम, माझं नाव काढून टाका. का, विचारलं तर म्हणाली, फळच राहिलं नाही. परीक्षेआधी नाव काढून घेणारी माणसं मला आवडत नाहीत. मी सकाळीच लेकाला गाडी काढायला लावली आणि शहाड गाठलं.

गेटापासून वाट चांगली मोकळी होती. दोन्ही कडांना गाजरगवत उभ्या उभ्या वाळून गेलं होतं, मधली हरळी मात्र पाटाच्या ओलाव्यावर हिरवीगार होती. गाजरगवत अंगाला लागलं की मला खाज सुटते, त्यामुळे मी मनातल्या मनात वाट साफ करणाऱ्याला दुवा दिला. त्र्यंबकराव ओसरीवर बनियनवर बसले होते. बाईमाणूस पाहून त्यांनी खुंटीवरचा सदरा घेतला, उजव्या हाताने आधी डावी बाही चढवली, मग बाकीचा सदरा ओढून घेतला आणि म्हणाले, “या बाई. बघा आमच्या सूनबाईचं शास्त्र.”

योगिनी मागे उभी होती. लहानखुरी, तिशीची, डोळे सुजलेले. कृषी पदविका केलेली ही मुलगी. नवरा मितेश दुबईला एसीच्या कामावर. लग्न होऊन आली तेव्हा वाडीत जांभळाच्या ठेंगण्या कलमांच्या दोन रांगा होत्या, फळ बारीक आणि बी मोठी. योगिनीने फळ धरताना आणि पुन्हा ते वाटाण्याएवढं झाल्यावर पानांवर कॅल्शियम, बोरॉन आणि पोटॅशची फवारणी सुरू केली. मुळांतून जे वेळेवर पोचत नाही ते पानांतून द्यायचं, एवढीच त्यातली गोम. गेल्या वर्षी दोनच झाडांवर करून पाहिली तर गर वाढला, फळं तडकायची थांबली. यंदा तिने सगळ्या वाडीवर केली.

आणि यंदाच पैज लागली होती. त्र्यंबकरावांनी चार गाववाल्यांसमोर शब्द दिला होता की प्रदर्शनात फळ उतरलं तर वाडी योगिनीच्या ताब्यात. नाही उतरलं तर झाडं तोडून धाकटा मुलगा पोपट तिथे लग्नाच्या हळदीचा हॉल बांधणार. शिवाय, या औषधाच्या कामाला मी बोटही लावणार नाही, असंही त्यांनी तेव्हाच ठणकावून सांगितलं होतं.

हॉलचा कंत्राटदार त्याच दिवशी संध्याकाळी जागा मोजायला येणार होता.

२

पोपट भोईर गोरागोमटा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला गोड. त्याने मला शीळफाट्याजवळच्या हॉलचे फोटो मोबाइलवर दाखवले आणि आपल्याकडे हळदीला किती माणूस लोटतं ते समजावलं. फळं पडली याचं त्याला सुख झालं होतं आणि ते त्याने लपवलंही नाही. पण आपण काही केलं नाही, म्हणाला. “वहिनीशी माझं भांडण नाय मॅडम. मी तिला बोललेलो, तू तुझं कर, मी माझं करतो. असं कच्चं फळ पाडून मना काय भेटणार?”

मी म्हटलं, हॉल भेटणार. तो हसला आणि मान खाली घातली. निर्लज्ज होता, पण सरळ निर्लज्ज होता.

त्याची आई बायजाबाई मात्र त्याच्यावरच उखडली होती. तिच्या लेखी पोपटनेच झाडांच्या बुंध्यांना भोकं पाडून हिंग भरला असणार. झाड मारायची ही जुनी युक्ती आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेली आहे, खरी की खोटी देव जाणे. मी गुडघ्यांना शिव्या देत वाकून एकेक बुंधा पाहिला. साल शाबूत होती, माती उकरलेली नव्हती.

“मंग देवीचा कोप,” बायजाबाई म्हणाली. “तिचं झाड पयलं गेलं.”

देवीचं झाड गेटाजवळ होतं. जुनं, उंच, बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. त्या घरात आधी देवीला, मग घराला असा रिवाज आहे. फळांची पहिली पाटी देवीची, दिवाळीला पहिला दिवा तिचा, कुठल्याही कामाची सुरुवात तिच्या झाडापासून. योगिनीने फवारणी काढली तेव्हा सासू आडवी आली होती की देवीच्या झाडाला औषध लावायचं नाही. शेवटी तोड निघाली. पंपात आधी नुसतं पाणी भरायचं, ते देवीच्या झाडाला मारायचं, मग औषध मिसळून बाकीच्यांना. योगिनीलाही ते सोयीचं होतं. औषध न मिळालेलं एक झाड हवंच असतं, नाहीतर फरक कशाशी ताडून बघणार?

मी झाडाखाली उभी राहून वर पाहिलं. हाताच्या उंचीपासून पुढे थोडं वरपर्यंत पानं पिळवटून सुरळी झाली होती, कोवळे शेंडे वाकडे, एक फळ शिल्लक नाही. आणि अगदी वर, जिथे पाखरंच जातात तिथे, घोस लटकत होते. भरलेले, ठणठणीत.

मी बायजाबाईला जवळ बोलावून वर बोट दाखवलं. देवीचा कोप असा अर्ध्या झाडावर थांबतो का, असं विचारलं. बायजाबाईने पदराने कपाळ पुसलं आणि वर बघितलं.

३

दुपारी विनीत आला. कल्याणला त्याचं शेतीऔषधांचं दुकान. त्र्यंबकरावांनीच त्याला जाब द्यायला बोलावलं होतं. चुकीची बाटली दिलीस, असा त्यांचा आरोप. विनीत घामाघूम झालेला. त्याने डाव्या हाताने बाटली उचलून मला लेबल दाखवलं, सील दाखवलं, याच खोक्यातल्या बाटल्या भिवंडीकडच्या बागांत गेल्या आणि तिथे फळ कसं धरलंय ते सांगितलं. “काकी, माझं नाव खराब होईल ओ,” एवढंच तो परत परत म्हणत होता. मी विचारलं, गाजरगवताचं औषध विकतोस का? म्हणाला, उन्हाळ्यात अर्धं शहाड तेच नेतं, पण प्रत्येकाला बजावतो की त्याचा पंप वेगळा ठेवा.

योगिनीला वाटत होतं की आपल्याच हातून प्रमाण चुकलं. मी तिला म्हटलं, रडून झालं असेल तर मला झाडं दाखव. आम्ही दोघी रांगांमधून नदीपर्यंत चालत गेलो. देवीच्या झाडाला लागून असलेली कलमं पार उघडी पडली होती. मधल्यांवर थोडी फळं होती, पानं जरा जरा मुडपलेली. नदीकडच्या शेवटच्या झाडांना मात्र काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. काय फळ होतं ते! सारखं, टपोरं, बोटाला भरणारं. एवढी वर्षं जांभळं पाहिली, पण मी तिथे क्षणभर कशाला आले तेच विसरले.

“फवारणी कुठून कुठे केलीस?”

ती म्हणाली, नेहमीसारखीच. देवीच्या झाडापासून नदीकडे. सकाळी, ऊन चढायच्या आत.

जेवायला बायजाबाईने आग्रह करून बसवलं. तांदळाची भाकरी, सुका जवळा, घोळीची भाजी. भाजी इतकी कोवळी आणि आंबूस की मी दोनदा मागून घेतली. भरल्या उन्हाळ्यात घोळ कुठून मिळाली, असं विचारलं तर म्हणाली, वाटेच्या कडेला पाटाशी आपोआप येते, रोज खुडते, तिच्याशिवाय मना घास जात नाही. नवरा म्हणतो, बायको देईन पण बायकोची घोळ देणार नाही. त्र्यंबकराव भाकरी मोडता मोडता मान न वर करता हसले.

हात धुवून मी एकटीच पुन्हा वाटेवर गेले. वाळलेलं गाजरगवत दोन्ही कडांनी गेटापर्यंत सलग होतं. फक्त पाटाच्या वळणावर एक हातरुंद तुकडा हिरवा होता. घोळ, आणि तिच्यात ताजंतवानं गाजरगवतसुद्धा. आता मला कळलं होतं, आणि कळलेलं मला आवडलं नव्हतं.

४

एक गोष्ट उरली होती. मी योगिनीला पंप दाखवायला सांगितलं.

पाठीवर घ्यायचा साधा पंप, पडवीत खुंटीला टांगलेला. डाव्या हाताने दांडा हापसायचा, उजव्या हातात नळी धरून फवारायचं. मी तिला विचारलं, फवारणीच्या दिवशी पंप हातात घेतलास तेव्हा तो तू ठेवला होतास तसाच होता का? ती विचारात पडली. मग म्हणाली की त्याआधी ती टिटवाळ्याला माहेरी जाऊन आली होती. परत आल्यावर पंप चकाचक धुतलेला होता, आणि दांडा उजव्या बाजूला लावलेला. तिला वाटलं, पोपट भावजींनी मोटरसायकल धुवायला घेतला असेल. ती दांडा परत डावीकडे लावून कामाला लागली.

पोपटला विचारलं. तो म्हणाला, वहिनीने एकदा त्यावरून झापल्यापासून मी त्या पंपाला शिवलेलो नाय, गाडी सर्व्हिसिंगला देतो. मी म्हटलं, पाठीवर घेऊन दाखव. त्याने घेतला आणि डावा हात आपसूक दांडा शोधायला गेला.

विनीत चहाच्या कपात डाव्या हाताने चमचा फिरवत होता. डावखुरा माणूस नळी डाव्या हातात धरणार आणि दांडा उजवीकडे घेणार. योगिनीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती त्याच्याकडे टक लावून पाहायला लागली. विनीतचा चमचा थांबला.

बाहेर मोटरसायकल वाजली. पोपट म्हणाला, कंत्राटदार आला.

५

मी म्हटलं, त्याला दोन मिनिटं बसू दे, चहा द्या. सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. मी उभीच राहिले, कारण एकदा बसले की उठायला वेळ लागतो.

आधी मी बायजाबाईला म्हटलं, मुळांत विष घातलं असतं किंवा देवी कोपली असती तर अख्खं झाड गेलं असतं. जेवढं पंपाच्या माऱ्यात येतं तेवढंच जळालंय, वरचं फळ जागच्या जागी आहे. म्हणजे जे काही आलं ते पंपातून आलं. मग त्र्यंबकरावांना म्हटलं, औषध वाईट असतं तर ज्याला ते मिळालंच नाही ते देवीचं झाड सगळ्यात आधी वाचलं असतं. तेच सगळ्यात जास्त गेलंय. आणि नदीकडच्या झाडांना तर तेच औषध पोटभर मिळालंय, ती बघा कशी लगडलीत. तुमच्या सुनेचं प्रमाणही चुकलेलं नाही आणि विनीतची बाटलीही.

योगिनीने खांबाला पाठ टेकली.

पुढचं सांगताना मी कुणाकडेच बघत नव्हते. पंपात कुणीतरी तणनाशक भरलं होतं. गाजरगवताचं औषध रुंद पानाच्या झाडाला मारतं, गवताला नाही. म्हणून वाटेवर गाजरगवत वाळलं आणि हरळी हिरवी राहिली. मग त्या माणसाने पंप धुतला, चांगला धुतला. पण भांडं विसळल्यासारखा नुसत्या पाण्याने धुतला. हे औषध रबराला आणि नळीला चिकटून बसतं, नुसत्या पाण्याला दाद देत नाही. पहिल्यांदा भरलेल्या पाण्यात ते सगळ्यात जास्त उतरलं, आणि पहिलं पाणी या घरात देवीचं असतं. पुढे प्रत्येक भरणीला कमी कमी होत गेलं, नदीपर्यंत संपलं. झाडांनी क्रम लिहून ठेवलाय, मी फक्त वाचला.

“मग कोण?” पोपटने विचारलं. त्याची नजर विनीतवर होती.

“असा पंप नुसत्या पाण्याने साफ होत नाही हे विनीतला माहीत आहे, ते त्याच्या धंद्याचं पहिलं ज्ञान,” मी म्हटलं. “आणि त्याला काय ठाऊक, बायजाबाई घोळ कुठे खुडते? ज्याने वाट साफ केली त्याने तेवढा तुकडा नळी आवरून सोडला. तिथलं गाजरगवत राहिलं तरी चालेल, पण घोळीवर थेंब उडायला नको. हा घरातला माणूस आहे. आणि त्याने दांडा उजवीकडे घेतला.”

इथे मी थांबले. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. डावी बाही आधी चढवणाऱ्या माणसाचा डावा खांदा दुखरा असतो, त्याला त्या हाताने हापसता येत नाही. माझ्या नवऱ्याचा खांदा धरला होता तेव्हा मी रोज असाच सदरा घातलेला पाहिला होता. पण म्हाताऱ्या माणसाला त्याच्या ओसरीवर, सुनेसमोर आणि बाहेर बसलेल्या कंत्राटदाराच्या कानावर जाईल असं बोलायचं माझ्याच्याने होईना. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि हळूहळू प्यायले.

त्र्यंबकराव उठले.

“पंप मी घेतलेला.”

ते वाटेकडे बघत बोलत राहिले. प्रदर्शनाची माणसं झाडं बघायला येणार, असं योगिनी म्हणाली होती. वाट गाजरगवताने भरलेली. ठाण्याची माणसं येणार, अंगाला खाज घेऊन जाणार, आणि नाव कुणाचं खराब? पोरीचं. म्हणून ती माहेरी गेली तेव्हा एकट्याने सगळ्या वाटेवर गवताचं औषध मारलं. तीनदा पंप खळखळून धुतला, उन्हात वाळवला. बोटही लावणार नाही म्हणून चारचौघांत बोललो होतो, मग सांगू कसा? फळ पडायला लागलं तेव्हा मनाशी म्हटलं, बघ, मी बोललेलो तेच खरं, औषधानेच गेलं. “माझ्याच हाताने गेलं,” ते म्हणाले. “आणि मी तिला बोललो. रोज बोललो.”

बायजाबाईने डोळ्याला पदर लावला. नवऱ्याचा राग आला होता की माया, कुणास ठाऊक, बहुतेक दोन्ही. योगिनी आत गेली, पाण्याचा पेला आणला आणि सासऱ्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो घेतला पण प्यायले नाहीत.

मग ते गेटापर्यंत चालत गेले आणि कंत्राटदाराला स्वतः सांगून आले की झाडं तुटणार नाहीत, चहा पिऊन जा. पोपट तोंड वाकडं करून उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, शीळफाट्याला एक जागा भाड्याने मिळतेय, ती बघतो. आगऱ्याचं पोरगं हळदीच्या हॉलवाचून राहत नाही.

नियमाने नाव योगिनीचं आणि झाडं वाडीची. नदीकडच्या झाडांचं फळ प्रदर्शनात मांडायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. मी मात्र त्या वर्षी जांभळांच्या परीक्षकपदावरून नाव काढून घेतलं. दोनदा घोळीची भाजी मागून खाल्लेल्या घरचं फळ मी काय तोलणार? दुसऱ्या परीक्षकाने त्याला पहिला नंबर दिला तेव्हा मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. योगिनीच्या शेजारी त्र्यंबकराव इस्त्रीचा सदरा घालून ताठ उभे होते. तणनाशकासाठी त्यांनी वेगळा पंप आणलाय आणि त्याला लाल रंग फासलाय, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

पण मला आठवतो तो त्याआधीचा, मी पुन्हा शहाडला गेले तो दिवस. देवीच्या झाडाची वरची जांभळं पिकली, पोपट वर चढला, पहिली ओंजळ शेंदराच्या दगडापुढे ठेवली. दुसरी त्र्यंबकरावांनी योगिनीच्या हातात दिली. म्हणाले, “पुढच्या वर्षी या झाडालापण तुझं औषध दे गो. देवी काय परकी हाय?”

बायजाबाईनेही मान हलवली. योगिनीने ओंजळीतल्या जांभळांकडे पाहिलं, मग त्या झाडाच्या अजून उघड्या पडलेल्या खालच्या फांद्यांकडे.

“नको बाबा,” ती म्हणाली. “तिला नुसतं पाणीच राहू दे. त्या पाण्यानेच मला सोडवलं.”